परदेशी जाताना काय न्यावं, येताना काय आणावं: वऱ्हाडातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

२०१८ मध्ये पहिल्यांदा लेकीकडे जर्मनीला गेले तेव्हा माझ्या बॅगेत दोन किलो संत्रा बर्फी आणि घरच्या तुपाची बरणी होती. कोणाला काय द्यायचं याची यादी मात्र नव्हती. बर्फी आणि तूप तिथल्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने हातमोजे घालून, अगदी नम्रपणे, डब्यात टाकलं. परत येताना मी ११ मॅग्नेट आणले. एक नणंदेला दिला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कायले असते वं वहिनी?" फ्रिजवर लावायला, म्हटलं. तिच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. तिने तो लोखंडी कपाटाला लावला, मला वाईट वाटू नये म्हणून. उरलेल्यातले चार अजून माझ्याच घरी आहेत.

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावातून आता दरवर्षी कोणी ना कोणी मुलाकडे, मुलीकडे निघतं, आणि जाण्याआधी मला विचारायला येतं. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे सगळ्यांना वाटतं बाईंना माहीत असेल. २०२३ च्या दुसऱ्या खेपेपर्यंत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी माणसं लिहा, वस्तू नंतर

वही घ्या आणि दोन याद्या करा, एक तिकडच्या माणसांची, एक इकडच्या. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: हा माणूस दिवसभर हाताने काय करतो? "आवड काय" असं लिहू नका, आवडीचा अंदाज चुकतो. नणंद शिवणकाम करते. आमचे हे संत्र्याच्या बागेत असतात. शेजारची आजी माळकरी आहे, सकाळ-संध्याकाळ हरिपाठ म्हणते. सालदार पहाटे चारला मोटर सुरू करायला बागेत जातो. एवढं लिहिलं की अर्धी खरेदी झाली असं समजा.

मग पाच-सहा नावांवर खूण करा. ज्यांनी तुमच्या माघारी घर, गुरं, बाग सांभाळली, ती नावं आधी. त्यांच्यासाठी वस्तू, बाकी सगळ्यांसाठी खाऊ. सगळ्यांना सारखं द्यायच्या नादात कोणालाच धड काही मिळत नाही आणि बॅग मात्र २३ किलोच्या वर जाते.

२. ज्या देशात चाललात, तिथे काय चालत नाही ते बघा

आमच्याकडचा सगळा गोंधळ इथेच होतो. आपल्याला वाटतं, खायची वस्तू आहे, घरची आहे, कोण कशाला अडवेल. पण अडवणाऱ्याला घरची-बाहेरची याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला किडीची आणि जनावरांच्या रोगाची भीती असते.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स वगैरे युरोपीय संघाच्या देशांत भारतातून दूध-दुभत्याचा आणि मांसाचा पदार्थ प्रवाशाला नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी, सगळं बाद. ताजी फळंही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन एवढीच त्यातून वगळली आहेत. संत्रा नाही. नागपुरी संत्र्याचं कितीही कौतुक असो, पेटी घरीच ठेवा. कुरड्या, पापड, तिखट, हळद, जवसाची चटणी यांना मला दोन्ही खेपांत काही अडचण आली नाही.

ऑस्ट्रेलिया याहून कडक. तांदूळ, हरभरा, तूर, जिरे, अख्खी वाळलेली मिरची हे तिथे बॅगेतून नेता येत नाही. कारण खपरा भुंगेरा. ज्यांनी कोठीतल्या धान्यावर हा किडा पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेतही तांदूळ आणि हरभरा याच कारणाने अडतात. ऑस्ट्रेलियाच्या विमानात एक कागद भरायला देतात, त्यावर खाण्याचं, लाकडाचं, बांबूचं जे काही असेल त्याला "हो" अशी खूण करा. सांगितलेली वस्तू नाही चालली तर फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड, तोही मोठा.

अमेरिकेला जाणाऱ्या माझ्या भाचीने कढीपत्त्याची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. तिला म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. संत्र्याच्या झाडाचं ग्रीनिंग आम्ही सगळ्यांनी बघितलं आहे: पानं पिवळी पडतात, फळ वेडंवाकडं होतं, झाड हळूहळू जातं. तो रोग पसरवणारी सायला नावाची बारीक कीड कढीपत्त्यावरही राहते. म्हणून तिथे कढीपत्त्याला बंदी आहे. जुडी तिने स्वतःच काढून ठेवली.

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी एकच शब्द, खसखस. संयुक्त अरब अमिरातीत तिला अमली पदार्थांच्या हिशेबात धरतात, आणि लोक खरोखर तुरुंगात गेले आहेत. अनारशावर लावलेलीही नको. सावजी मसाल्यात खसखस असते हे विसरू नका. आणि कोणी "माझ्यासाठी दोन-चार खर्रे आण रे" म्हटलं तर सरळ नाही म्हणा. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीच, आणि सिंगापूरसारख्या देशांत तोंडात ठेवायच्या तंबाखूलाही बंदी आहे.

नियम बदलतात. तिकीट काढलं की त्या देशाच्या कस्टमच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, किंवा तिथल्या मुलामुलीला पाहायला लावा. "मागच्या वर्षी माझ्या साळ्याने नेलं होतं" हा पुरावा नव्हे.

३. इथून काय न्यावं

दुसऱ्या खेपेला मी खाण्याचं कमी केलं. लेकीच्या शेजारी एक जर्मन कुटुंब राहतं, त्यांचा मुलगा पाच वर्षांचा. त्याच्यासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी नेला, वीतभर उंचीचा, चार चाकांचा, गळ्यात घुंगरू. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं असे नंदी सजवून ओढत घरोघर नेतात. ही गोष्ट विदर्भाबाहेर मराठी माणसालाही धड माहीत नसते. मी लेकीकरवी त्याला एवढंच सांगितलं: आमच्या गावात वर्षातून एक दिवस बैलांना सुट्टी असते, त्यांना आंघोळ घालून पुरणपोळी खाऊ घालतात, आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या बैलांचा मान असतो. त्याने नंदीची दोरी धरली आणि त्यांच्या लांबलचक ओसरीत इकडून तिकडे ओढत नेला. घुंगराचा आवाज आला की थांबायचा, वाकून बघायचा, परत ओढायचा. महिन्याभराने लेकीने फोनवर सांगितलं, तो बैलाला रोज सकाळी पोळी म्हणून कागद चारतो.

मी तेव्हापासून एक कसोटी लावते. वस्तू देताना तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत: कुठली आहे, आणि कोणी, कशी केली. बोलता येत नसेल तर ती बाजारातून उचललेली वस्तू आहे.

आपल्याकडे अशा वस्तू किती आहेत ते बघा. भंडारा जिल्ह्यातला कोसा: ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक अळ्या पाळतात, त्याचं सूत निघतं. काठावर करवतीचे दाते असतात म्हणून करवती काठ, त्याला भौगोलिक मानांकन आहे. साडी महाग पडते, आणि तिकडची बाई ती नेसणार कधी? त्याऐवजी ओढणी किंवा गळ्याभोवती घ्यायचं वस्त्र घ्या. मात्र ओळखीच्या विणकराकडून किंवा सोसायटीतून. रस्त्यावर "कोसा" म्हणून विकतात ते पुष्कळदा पॉलिस्टर असतं. टोकाचा एक धागा जाळून बघा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटाने चुरते, पॉलिस्टरची मात्र घट्ट गोळी होते.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने सुरू झालेलं. तिथे नैसर्गिक रंगांची खादी मिळते. सेवाग्रामला पाहुणे नेले असतील तर तिथून हे अंतर काहीच नाही. सुती खादीचा रुमाल, पिशवी, टेबलावर अंथरायचं कापड हलकं असतं, तुटत नाही, आणि "गांधी" हा शब्द जगात कुठेही समजतो.

हळद न्यायची तर समुद्रपूर तालुक्यातली वायगावची न्या, तिलाही मानांकन आहे. तिखट भिवापूरचं. शंभर-शंभर ग्रॅमची छापील वेष्टणाची पाकिटं घ्या. घरी दळलेली हळद चवीला सरस, मान्य. पण पारदर्शक पिशवीतल्या पिवळ्या पावडरीची ओळख विमानतळावर पटवून द्यायला मला एकदा दहा मिनिटं लागली होती. लोकांची रांग मागे.

बांबूच्या वस्तू छान दिसतात, मेळघाटात आणि चंद्रपुराकडे उत्तम काम होतं. फक्त घ्यायच्या आधी ती पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा आपटा. बारीक पिठासारखी भुकटी पडली तर आत भुंगा आहे, घेऊ नका. लाकडावर किंवा बांबूवर साल राहिलेली असेल तीही नको.

४. घरातली जुनी वस्तू नेण्याआधी थांबा

लेकीला आमच्या देव्हाऱ्यातला पितळी गरुड हवा होता, पणजीच्या काळचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पोथी, हस्तलिखित असेल तर ७५ वर्षांची मर्यादा. वस्तू तेवढी जुनी नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व विभागाकडून घेता येतो. आमच्याकडे गरुड कधीचा हे सांगणारं कोणी उरलंच नाही, तेव्हा तो देव्हाऱ्यातच राहिला. भंडाऱ्याला पितळेची नवी समई घेतली, त्यावर लेक खूश.

मोरपीस, हरणाचं शिंग, वाघनख यातलं काहीही नको. बांधावर पडलेलं मोरपीस उचललं होतं म्हटलं तरी ते बाहेर न्यायला बंदी आहे. शिंग तर जवळ ठेवणंही गुन्ह्यात मोडतं.

५. बांधाबांध

सुकं खोबरं विमानात चढू देत नाहीत, मोठ्या बॅगेतही नाही. त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून. कापूरही त्याच कारणाने नको. देवाचं सामान नेणाऱ्या बायकांनो, हे लक्षात ठेवा, मोठी बॅग उघडायला लावतात. तिखट हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका. लोणचं आणि तेल हे द्रवात धरतात, हातातल्या पिशवीत १०० मिलीच्या वर नाही.

मसाल्याचं पाकीट दोन पिशव्यांत, मग स्टीलच्या नव्हे तर प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, वजन वाचतं. नंदीचे शिंग कापडात गुंडाळून मोज्यात घाला. एक मोडलं होतं माझं, फेविकॉलने चिकटवलं, मुलाला कळलं नाही.

जवळ हे ठेवा:

- पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या दोन-दोन झेरॉक्स, एक हातात, एक बॅगेत
- भेटवस्तूंची यादी इंग्रजीत, किंमतीसकट, एका कागदावर
- खरेदीची बिलं
- घरचे मसाले असतील तर प्रत्येकावर इंग्रजीत चिठ्ठी: काय आहे, त्यात काय घातलंय
- बॅग लटकवून तोलायचा छोटा वजनकाटा. तालुक्याच्या बाजारात मिळतो, आणि गावातल्या सगळ्यांना पुरतो
- अंगावर सोनं घालून जात असाल तर निघताना भारतीय कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र, नाहीतर परत येताना ते तुमचंच आहे हे दाखवणं अवघड

जर्मनीत विमानाने जाणाऱ्याला ४३० युरोपर्यंतच्या वस्तूंवर कर लागत नाही. आपली भेट तेवढी महाग कधीच नसते, पण यादी असली की प्रश्न पटकन मिटतो.

६. देताना

जर्मन माणूस समोरच कागद फाडून वस्तू बघतो आणि आवडली म्हणून सांगतो. आपल्याकडे पाहुणा गेल्यावर उघडतात, म्हणून मला पहिल्यांदा कसंसंच झालं. जपानी लोक मात्र आपल्यासारखेच, देणाऱ्यासमोर सहसा उघडत नाहीत. त्यांना देताना वस्तू दोन्ही हातांनी द्या, आणि चारचा संच देऊ नका, कारण त्यांच्या भाषेत चारचा उच्चार मरणासारखा होतो. चिनी माणसाला घड्याळ नको. आपण १०१ चं पाकीट करतो, १०० चं करत नाही, तसंच समजा. मुसलमान घरी दारूची चॉकलेटं नेऊ नका. एवढं पुरे.

७. तिथून काय आणावं

आता वहीतली दुसरी यादी काढा. नणंद शिवणकाम करते असं लिहिलं होतं. जर्मनीत झोलिंगन नावाचं गाव आहे, चाकू-कात्र्यांसाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध. तिथे बनलेल्या पात्यालाच ते नाव लावता येतं, तसा तिथला कायदाच आहे. शिंप्याची एक कात्री घेतली. महाग होती, खोटं कशाला बोलू, ११ मॅग्नेटांपेक्षा जास्त पैसे लागले. ह्यांच्यासाठी लाल मुठीची स्विस छाटणीची कात्री, फेल्को कंपनीची. संत्र्याची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढताना आमच्या जुन्या कात्रीने फांदी चेंगरायची आणि बोर्डो मलम लावूनही जखम भरत नसे. सालदारासाठी डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे पहाटे मोटर सुरू करताना दोन्ही हात मोकळे. पातं असलेलं सगळं मोठ्या बॅगेत टाका, हातात धरलं तर जप्त.

घेण्याआधी वस्तू उलटी करून कुठे बनली ते वाचा. स्मरणिकांच्या दुकानातल्या अर्ध्या वस्तू चीनमधल्या असतात. दुसरं बघा, तीच वस्तू अमरावतीला मिळते का. मी न्युरेंबर्गजवळच्या फाबर-कास्टेलच्या रंगीत पेन्सिली शाळेच्या मुलांसाठी आणल्या, १७६१ पासूनची कंपनी म्हणून मोठ्या कौतुकाने. दुसरीतली मुलगी पेटी बघून म्हणाली, "बाई, ह्या तर आमच्या दुकानात भेटतात." खरंच भेटतात.

खाऊच्या बाबतीत माळकरी घरं आठवा. रंगीत, रबरासारख्या गोळ्या मुलांना फार आवडतात, पण त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं, डुकराच्या किंवा गाईच्या कातडी-हाडांचं. मी पाकीट शेजारच्या आजीच्या नातवंडांना दिलं, रात्री लेबल वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मागायला गेले. पोरांनी अर्धं संपवलं होतं. आजी काही बोलली नाही, फक्त तुळशीला जास्तीचं पाणी घातलं. आता मी घेण्याआधीच पाकिटावरची शाकाहारी खूण शोधते.

चॉकलेट आणायचं तर दिवाळीत या. मे महिन्यात मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने येताना माझ्या चॉकलेटचं बडनेऱ्यापर्यंत सार झालं होतं. ४५ अंशात स्विस काय आणि कुठलं काय. उन्हाळ्यात बिस्किटं आणा.

८. बियाणं आणि कंद: मोह आवरा

शेतकऱ्याला सगळ्यात जास्त हेच आणावंसं वाटतं. तिकडच्या बाजारात मुठीएवढी ढोबळी मिरची, ट्यूलिपचे कंद, फुलांच्या बियांची देखणी पाकिटं. ह्यांनी फोनवर सांगितलं होतं, "चार दाने आन फक्त." नाही आणले. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे बियाणं, कंद, रोप आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. चार दाण्यांनाही. एक रोग बाहेरून बागेत आला की काय होतं ते आम्हा संत्रावाल्यांना कोणी शिकवू नये.

९. बिलं, कर परतावा आणि परतीचा कस्टम

युरोपात राहत नसलेल्या प्रवाशाला खरेदीवरचा कर परत मिळतो. जर्मनीत एका दुकानातलं बिल ५० युरोच्या वर असेल तर तिथेच "टॅक्स फ्री"चा अर्ज मागा, पासपोर्ट दाखवावा लागतो. कर १९ टक्के असला तरी हातात येतात त्याहून कमी, मधल्या कंपनीचं कमिशन जातं.

युरोप सोडताना शेवटच्या विमानतळावर कस्टमचा शिक्का लागतो, आणि शिक्का मारणारा वस्तू बघायला मागू शकतो. मी कात्र्या असलेली बॅग आधीच जमा करून मोकळी झाले आणि मग रुबाबात अर्ज घेऊन खिडकीशी गेले. "वस्तू कुठे?" बॅग तोवर पट्ट्यावरून आत. शिक्का नाही, परतावा नाही. तुम्ही चेक-इनलाच सांगा की बॅगेत कर परताव्याची वस्तू आहे, ते पट्टी लावून बॅग परत देतात, ती घेऊन कस्टमकडे जा.

भारतात उतरल्यावर, २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे, माझ्या दोन्ही खेपांना ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर कर नव्हता. हा आकडा सरकार बदलतं, निघण्याआधी भारतीय कस्टमचं संकेतस्थळ पाहा. मर्यादेच्या आत असाल तर हिरवी वाट, वर असाल तर लाल. ई-सिगारेट कोणी मागितली तरी आणू नका, २०१९ पासून भारतात तिला बंदी आहे. मुंबईहून पुढे नागपूरचं विमान असेल तर बॅग मुंबईलाच घेऊन कस्टममधून काढावी लागते, दोन विमानांत तेवढा वेळ ठेवा.

१०. वाटप

बॅग अंगणात उघडू नका. पहिल्या खेपेला मी उघडली, आणि कोणाला काय मिळालं याचा हिशेब गावात महिनाभर चालला. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाच्या घरी गेले. नणंदेने कात्री हातात घेऊन चार-पाचदा नुसती उघडमिट केली, मग मशीनवरच्या ब्लाऊजचं कापड ओढून सरळ कापलं. "आवाज आयक वं," म्हणाली. आता ती कात्री कपाटात कुलुपात असते, ज्या कपाटाला मॅग्नेट आहे त्यातच, आणि पोरांना कागद कापायला कोणी मागितली तर देत नाही.